सुट्टीची वही: मुलांच्या हातून उन्हाळा टिपायचा कसा

सुट्टीहून परत आल्यावर मोबाइल उघडला की फोटो ढिगाने सापडतात. सगळे ओळीने उभे, सगळे हसताहेत, मागे देऊळ किंवा समुद्र. पण आजी मोठ्या पातेल्यात चीक घोटत होती, मामा माळ्यावर अढी चाळत होता, भर दुपारी सगळी भावंडं गार फरशीवर पालथी पडून पत्ते खेळत होती, यातलं काहीच त्यात नसतं. ते फोटो काढण्यासारखं आहे असं त्या वेळी कोणाला वाटलेलंच नसतं. माझं म्हणणं असं, की उन्हाळ्याचे खरे फोटो म्हणजे घरात चाललेल्या कामांचे फोटो. ते मोठ्यांनी एकट्याने काढू नयेत. अर्धा वेळ फोन मुलांच्या हातात असावा आणि शाळा सुरू व्हायच्या आत त्या फोटोंची हाताने शिवलेली एक वही तयार व्हावी.

पहिल्यांदाच असं काही करणाऱ्या आईबाबांसाठी, मावशी-काकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी हे लिहिते आहे. महागडा कॅमेरा लागत नाही, चित्रकला यावी लागत नाही. मे महिना हाताशी असला की झालं.

आधी फोन तयार करा

मुलं आमरसाच्या हातांनी फोन धरतात, त्यामुळे लेन्सवर बोटांचे डाग पडतात आणि उन्हात काढलेले फोटो धुरकट येतात. रोज सकाळी जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने लेन्स पुसायची. हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्या, ते कधी विसरत नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा सुरू करा. क्षितिज, गच्चीचा कठडा, दाराची चौकट या गोष्टी तिरक्या येऊ नयेत म्हणून त्यांचा उपयोग. दोन बोटांनी चित्र मोठं करून फोटो काढायची सवय मोडा. बहुतेक फोनमध्ये तसं केल्याने फोटो फुटतो. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जायचं. एवढं एक पथ्य पाळलं तरी फोटो निम्म्याने सुधारतात.

तिसरी गोष्ट उजेडाची. पडद्यावर जिथे बोट टेकवाल तिथला उजेड फोन मोजतो. बोट तिथेच ठेवून वर-खाली सरकवलं की फोटो उजळतो किंवा गडद होतो. पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या पापड्यांचा फोटो काढताना फोनला वाटतं की उजेड खूप आहे आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. तिथे थोडं उजळवायचं. काळ्या दगडी जोत्यावर बसलेल्या मांजराचा काढताना याच्या उलट करायचं. सात-आठ वर्षांचं मूल हे पाच मिनिटांत शिकतं.

ऊन चाळिशीच्या वर गेलं की फोन तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद होतो. अशा वेळी फोन सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि फोन कायमचा बिघडू शकतो.

ऊन पाहायला शिका

मे महिन्यात पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. नागपूरकडे दोन्ही अंदाजे अर्धा तास आधी. उगवल्यापासून साधारण आठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ऊन तिरपं असतं. त्यात चेहरे चांगले दिसतात आणि अंगणातल्या सारवणाचा पोतही उठून येतो. बारा ते चार या वेळात ऊन थेट डोक्यावरून येतं. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो, मुलं डोळे बारीक करतात, सगळे त्रासलेले दिसतात. त्या वेळी मुलांना बाहेर काढायचंही नसतं.

मग दुपारी घरात या. खिडकीच्या शेजारी, खिडकीला खांदा करून आजी गहू निवडायला बसली असेल तर तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला मऊ उजेड असतो, दुसरी बाजू हलक्या सावलीत. चेहऱ्याच्या फोटोला याहून चांगली जागा मला माहीत नाही. सावलीची बाजू फारच काळी येत असेल तर तिकडून मुलाला एक पांढरा पंचा दोन्ही हातांनी ताणून धरायला सांगा, त्यावरून परतलेला उजेड पुरतो. ओटी, पडवी, जिना, उघड्या दाराचा उंबरा या दुपारच्या हक्काच्या जागा. ट्यूबलाइट मात्र बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याचा रंग बिघडतो.

आणि खाली बसा. मुलांचे फोटो उभ्याने वरून काढले की नुसती डोकी दिसतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला फोन आणायचा, रांगतं मूल असेल तर सरळ जमिनीवर झोपायचं.

एक काम निवडा आणि ते शेवटपर्यंत टिपा

'सुट्टीतल्या आठवणी' हा विषय फार मोठा आहे, त्यात माणूस हरवतो. एक काम निवडा. वाळवण चालू असेल तर तेच घ्या. खानदेशात बिबड्या, कोकणात आंबोशी, फणसपोळी आणि आमसुलं, विदर्भ-मराठवाड्यात शेवया. घरोघरी कुरडया, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगी मिरची. या सगळ्यात सुरुवात, मधला खटाटोप आणि शेवट असतो, त्यामुळे फोटोंची मालिका आपोआप तयार होते.

कुरडयांचं उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदललं जातं. पहिला फोटो त्या पातेल्याचा, वरून सरळ खाली बघत. मग वाटण, चोथा पिळणारे हात. चीक रात्रभर निवळतो आणि वर पाणी येतं. सकाळी ते ओतून काढतानाचा क्षण हुकवू नका, तळाशी बसलेला पांढराशुभ्र गोळा सुंदर दिसतो. शिजवणं हा मोठ्यांचा भाग. चीक उकळत असताना उडतो आणि फार भाजतो, म्हणून मुलांनी दारातूनच फोटो काढायचा. वाफेचा फोटो मागून उजेड असेल तरच येतो, तेव्हा चुलीच्या किंवा शेगडीच्या मागे खिडकी येईल अशी जागा धरा. मग गच्चीवर सोऱ्या फिरवणारा हात, प्लास्टिकच्या कागदावर पडलेली पहिली वेटोळी, वाटीत चीक खात बसलेली मुलं, काठी घेऊन कावळे राखणारा पहारेकरी. दुसऱ्या दिवशी कुरडया उलटताना. शेवटी डबा.

यातला एक फोटो मुलांना नक्की करायला सांगा. अर्धवट वाळलेली कुरडई हातात उंच धरून सकाळच्या कोवळ्या उन्हासमोर आणायची आणि ऊन तिच्यातून आरपार येईल असा जवळून फोटो काढायचा. सूर्य कुरडईच्या बरोबर मागे लपवायचा, थेट सूर्याकडे बघायचं नाही.

अशा मालिकेत तीन अंतरं सांभाळली की ती वाचता येते: लांबून सगळी गच्ची, मधून काम करणारं माणूस, जवळून नुसते हात. नवखे लोक मधलंच अंतर धरून बसतात. हातांचे फोटो जास्त काढा. चेहऱ्यावर फोन रोखला की माणूस अवघडतो, हातांवर रोखला तर आपलं काम करत राहतो.

शहरात फ्लॅटमध्ये असाल, गच्चीला कुलूप असेल, तरी काम सापडतंच. माठ धुऊन भरणं, कैऱ्या उकडून पन्हं करणं, रसासाठी आंबे माचणं, आइस्क्रीमचे साचे भरणं, जुनी पुस्तकं-वह्या काढून रद्दी बांधणं. काम लहान असलेलं उलट बरं.

अढी: रोज एक फोटो

हे मला सर्वांत आवडणारं काम, कारण यात मुलाला वाट बघायला शिकावं लागतं. हिरवे आंबे गवतात घालून ठेवले की पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेतात. त्यातला एक आंबा मुलाने 'आपला' म्हणून निवडायचा. त्याच्या देठाशी दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधायची. रोज ठरल्या वेळी तो बाहेर काढून एकाच पाटावर, एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून फोटो काढायचा आणि परत गवतात ठेवायचा. पाटावर खडूने आंब्याची जागा आखून ठेवा, फोन ठेवायला पुस्तकांची चळत करा, म्हणजे रोजचा फोटो जुळेल. हिरवा, मग पोपटी, देठाशी पिवळेपणा, मग सगळा केशरी, आणि शेवटच्या फोटोत नुसती कोय. हे सगळे चौकोन एका पानावर ओळीने लावले की बाकी काही लिहावं लागत नाही. शेजारी फक्त रोजचा वास कसा होता ते मुलाच्या शब्दांत लिहून घ्या.

ती कोयही टाकू नका. रायवळ आंब्याची कोय जास्त केसाळ असते. स्वच्छ धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून तिचे धागे जुन्या टूथब्रशने विंचरले की पांढरी दाढी तयार होते. चिंचोक्यांचे डोळे चिकटवले की म्हातारा झाला. त्याचा फोटो वहीत आणि तो स्वतः खिडकीत.

मुलाच्या हातात फोन

फोन देण्याआधी दोन गोष्टी करा. विमान मोड सुरू करा, म्हणजे मूल फोटो सोडून भलतीकडे जाणार नाही. आणि फोनच्या कव्हरला नाडी बांधून ती मनगटात अडकवा. विहीर, हौद आणि गच्चीचा कठडा यांच्यापाशी फोटो मोठ्यांच्या सोबतीनेच.

मग मर्यादा घाला. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलमध्ये २४ किंवा ३६ फोटो असत आणि ते संपले की संपले. हाच नियम लावा: दिवसाला २४. मर्यादा आली की मूल बटण दाबायच्या आधी बघायला लागतं. रात्री जेवणं झाल्यावर त्याने स्वतःच त्यातले तीन निवडायचे आणि हेच का निवडले ते सगळ्यांना सांगायचं. आपण चुका काढायच्या नाहीत. आजोबांचं डोकं कापलेला फोटो त्याने निवडला असेल तर कारण विचारा. बहुतेक वेळा त्याला चष्म्याची दोरी किंवा बंडीचा खिसा दाखवायचा असतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना शोधायला लावा: घरातल्या पाच लाल वस्तू, पाच गोल वस्तू, मांजराला दिसेल तसं घर. सात ते दहाच्या मुलांना प्रश्न द्या. आजी दिवसभरात हातांनी काय काय करते? दुपारी कोण कुठे झोपतं? अकराच्या पुढच्यांना आवाजाचा फोटो काढायला सांगा. रसवंतीच्या घुंगरांचा, पाटा-वरवंट्याचा, पहाटेच्या कोकिळेचा. आवाज तर फोटोत येत नाही, मग तो बघणाऱ्याला ऐकू यावा म्हणून काय दाखवायचं, यावर मुलं खूप विचार करतात आणि त्यांची उत्तरं आपल्याला सुचणारी नसतात.

परवानगीची सवयही इथूनच लावा. 'काकू, फोटो काढू का?' असं विचारायचं आणि नको म्हटलं की फोन खाली. घरकामाला येणाऱ्या मावशींना, गड्यांना, शेजारच्या आजीला, सगळ्यांना हाच नियम. शेजारच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही पाठवायचे नाहीत. हौदात डुंबणाऱ्या उघड्या पोरांचे फोटो कितीही गोड असले तरी ते घरातच राहावेत.

सावली नाहीशी होते तो दिवस

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य आपल्याकडे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा जुलै-ऑगस्टचे ढग असतात, म्हणून पाहायची संधी मे महिन्यातच. पणजीला साधारण २-३ मे, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३, मुंबईला १५, नाशिकला २० आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. वेळ मुंबईत १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, पुण्यात ३१, नागपुरात १० मिनिटांच्या सुमारास. दिवस एखाद्याने मागे-पुढे झाला तरी डोळ्यांना फरक कळत नाही.

सरळ भिंतींचा स्टीलचा डबा किंवा पाइपचा तुकडा गच्चीवर उभा ठेवा. सव्वाबाराला एक, साडेबाराला एक, पाऊण वाजता एक असे फोटो वरून काढा. नागपूरकडे हे सगळं वीस-पंचवीस मिनिटं आधी करा. मग मुलाला उडी मारायला लावा. पाय जमिनीवर असताना सावली पायांखाली लपलेली असते, उडी मारताच ती बरोबर खाली वेगळी दिसते. उडीचा फोटो एकेक करून सापडत नाही, बटण दाबून धरून लागोपाठ काढायचे आणि त्यातला एक ठेवायचा. टोपी, चपला आणि आधी पोटभर पाणी, काम झालं की लगेच सावलीत. जमीन इतकी तापलेली असते की अनवाणी पाऊल ठेवू देऊ नका.

अंधाऱ्या खोलीतला सिनेमा

त्याच दिवसांत, दुपारी घर बंद करून बसायची वेळ कामी लावता येते. रस्त्याकडे किंवा अंगणाकडे उघडणारी एक खिडकी पुठ्ठ्याने पूर्ण बंद करा, फटी चादरींनी बुजवा. पुठ्ठ्यात करंगळी जाईल एवढं, साधारण एक सेंटिमीटरचं भोक पाडा. त्यासमोर दोन-तीन पावलांवर पांढरं धोतर ताणून धरा. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. मग धोतरावर बाहेरचं अंगण उलटं उमटतं, आकाश खाली, झाडं वर. एका भावंडाला बाहेर उन्हात जरा वेळ नाचायला पाठवा, आत तो डोक्यावर नाचताना दिसेल. भोक लहान केलं तर चित्र रेखीव पण मंद, मोठं केलं तर उजळ पण पुसट. कॅमेरा म्हणजे काय हे मुलांना मग समजावून सांगावं लागत नाही. धोतरावरच्या चित्राचा फोटो काढायचा असेल तर फोन स्टुलावर टेकवून रात्रीच्या मोडमध्ये काढा आणि नाचणाऱ्याला तेवढे क्षण थांबायला सांगा.

हळदीने छापलेला फोटो

वनस्पतींचे रंग उन्हाने उडतात, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी १८४२ साली फुलापानांच्या रसांवर उन्हाचा परिणाम तपासला आणि त्यातून चित्रं उमटवायची पद्धत निघाली. त्यांच्याकडे ऊन कमी. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आणि डब्यात हळद, जी या कामात इतर बऱ्याच रंगांपेक्षा लवकर उडते. दोन-तीन तासांत चित्र मिळतं.

१. दोन चमचे हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम मोठ्यांनी, गॅसपासून लांब, उघड्या खिडकीशी करायचं. पंधरा मिनिटांनी गाळ खाली बसला की जुन्या पंचाच्या फडक्यातून गाळून घ्या.

२. जाड ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशने हे पाणी लावा. उन्हात नाही, आतल्या खोलीत. ब्रश एकाच दिशेने फिरवा. वाळलं की दुसरा हात द्या. नंतर कागद कपाटात ठेवून पूर्ण वाळू द्या. फरशी आणि कपडे सांभाळा, हळदीचा डाग कोणाचं ऐकत नाही.

३. कागदावर पान ठेवा. शेवग्याची डहाळी, नेच्याचं पान, कडुनिंबाची काडी अशी नक्षीदार पानं चांगली उठतात. पान आधी एक दिवस पुस्तकात दाबून सपाट करा, ओलं पान काचेखाली घाम सोडतं. वर जुन्या फोटो फ्रेमची काच ठेवून कडांना चिमटे लावा.

४. कडक उन्हात ठेवा. तासाभराने काच न हलवता कडेचा रंग पाहा. उघडी जागा फिकट होऊन कागदाच्या रंगाजवळ आली की आत आणा. पानाखालची हळद पिवळीच राहिलेली असेल.

५. पाण्यात खायचा सोडा विरघळवून ते पाणी ब्रशने हलकेच फिरवा. पिवळं चित्र तांबूस होऊ लागतं. जास्त टिकाऊ लालसर रंग हवा असेल तर सोड्याऐवजी टाकणखार घ्या, पण तो मोठ्यांनी हाताळायचा. हळद क्षाराने लाल होते, याच गुणावर पूर्वी घरी कुंकू केलं जाई. घरात कोणा आजीला ते आठवत असेल तर तिला याच वेळी जवळ बसवा.

पानाचं जमलं की फोटो छापा. आजीचा, ठळक उजेड-सावलीचा एक फोटो काळा-पांढरा करून झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर लेझर प्रिंट काढून आणा. शक्यतो दोन प्रती, एकावर एक ठेवल्या की काळा भाग दाट होतो. पानाच्या जागी ही शीट ठेवा. फोटोला पानापेक्षा जास्त वेळ लागतो, सकाळी दहाला ठेवला तर तिसऱ्या प्रहरी पाहा. काळ्या शाईखाली हळद टिकते, बाकीची उडते आणि आजी हळदीत उमटते.

हे चित्र कायमचं पक्कं करता येत नाही. भिंतीवर लावलं तर काही दिवसांत पुसट होईल. मिटलेल्या वहीत, अंधारात ठेवलं तर बराच काळ टिकतं. त्याचा लगेच एक फोटोही काढून ठेवा.

वही शिवणं

बाजारातली अल्बमची वही घेऊ नका. शिवलेल्या वहीत मुलाचा हात दिसतो आणि तिला हवी तेवढी जाडी देता येते.

ए-फोर आकाराचे सहा जाड कागद मधोमध दुमडून एकात एक घाला. २४ पानं मिळतात. फोटो चिकटवल्यावर वही पोटाशी फुगते आणि मिटत नाही, यासाठी आधीच उपाय करा: दोन बोटं रुंदीच्या काही पट्ट्याही दुमडून कागदांच्या मधे शिवणीशी घाला. वर पुठ्ठा हवा. जुनी लग्नपत्रिका चालते, तिच्यावर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चिकटवला तर फार देखणी दिसते.

कापडासाठी खळ घरीच करा. एक मोठा चमचा मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग साधारण सहा चमचे पाणी घालून मंद आचेवर दाट, चकचकीत होईपर्यंत ढवळा. चिमूटभर तुरटी घाला. जुने बुकबाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या कामात नको. खळ दोन-तीन दिवसच टिकते.

घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन वर-खाली कडेपासून तीन-तीन सेंटिमीटरवर. दाभण मोठ्यांच्या हातात. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक टाळून खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून त्यावर गाठ मारा. आठ वर्षांचं मूल हे टाके स्वतः घालतं.

छापा, चिकटवा, लिहा

फोटो निवडताना कठोर व्हा. वहीत वीस-पंचवीसच बसतील. नेहमीचा ४ × ६ इंचाचा आडवा फोटो या वहीच्या एका पानात रुंदीला बसत नाही, किंचित बाहेर येतो. म्हणून आडवे फोटो दोन-दोन एका ४ × ६ वर जुळवून छापून घ्या आणि मधोमध कापा. ३ × ४ चे फोटो पानात छान बसतात, शेजारी लिहायला जागा राहते आणि पैसेही वाचतात. दुकानात फोटो व्हॉट्सअॅपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो.

फोटोला खळ लावू नका, कागद सुरकुततो. चारी कोपऱ्यांत कागदाचे छोटे त्रिकोण चिकटवून फोटो त्यांत अडकवा, पुढे कधी काढावा लागला तर निघतो. मधल्या पानांवर बहाव्याची पिवळी फुलं, गुलमोहराची पाकळी, रद्दीच्या कागदात दाबून वाळवलेली. रोज कागद बदलला तर रंग टिकतो. जांभळाच्या पानाची शीर मेणखडूने कागदावर घासून उतरवता येते.

पिंपळाच्या पानाची जाळी करायची असेल तर ती सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सुरू करा. पान तीन-चार आठवडे पाण्यात भिजत ठेवावं लागतं, पाणी अधूनमधून बदलत राहायचं, गर सुटू लागला की मऊ ब्रशने हलकेच काढायचा. वास येतो, भांडं मागच्या अंगणात ठेवा.

लिहिण्याचं काम मुलाचं. अक्षर वाकडं असू द्या, शुद्धलेखन तपासू नका. फोटोखाली काय दिसतं ते लिहायचं नाही, ते दिसतंच आहे. कोण काय म्हणालं ते लिहायचं, आणि म्हणालं तसंच. आजी मालवणीत बोलली तर मालवणीत, अहिराणीत बोलली तर अहिराणीत. तारीख आणि गाव मात्र हवंच. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावंही लिहा. आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोंतली अर्धी माणसं आता कोणालाच ओळखता येत नाहीत, हे मुलांना एकदा ट्रंक उघडून दाखवलं की ती नावं लिहायला विसरत नाहीत.

परदेशातून येणाऱ्या भाचरांची सुट्टी बहुधा जूनमध्ये सुरू होते. तोवर आंबा संपत आलेला असतो आणि पाऊस येऊन ठेपतो. मुंबईत तो सरासरीने ११ जूनच्या सुमारास पोचतो. त्यांच्यासाठी वाळवणाचा हट्ट धरू नका. पावसाआधीची आवराआवर हाच त्यांचा विषय: कौलं शाकारणं, लाकडं आत घेणं, छत्र्या दुरुस्त करणं, आणि पहिल्या सरीत भिजणारं अंगण, दारातून.

वही झाली की तिची दोन प्रतींत रंगीत झेरॉक्स काढा, कारण खरी वही मुलाकडे राहणार आणि आजोळची माणसं ती मागणार. आजीच्या प्रतीत मजकूर मोठा करून घ्या. ती प्रत टपालाने पाठवा, सोबत मुलाच्या हातची चिठ्ठी आणि एक कोरा कागद घाला, आजीला त्यात काही दुरुस्त करायचं असेल तर.